घातलेलं आणि लागलेलं

एकदा एका बाजारगावी एक घाणेवाला होता. त्याला चोरांनी लुटले नाही, आगीने जाळले नाही की भाऊबंदांनी कोर्टात खेचले नाही. त्याला एका साध्या क्रियापदाने बुडवले. क्रियापदाने माणसे बुडत असती तर शाळामास्तर कधीच तरले नसते, असे कुणी हसून म्हणेल. म्हणू द्यावे. ज्यांनी ते बुडणे डोळ्यांनी पाहिले, त्यांना हसू आले नव्हते.

त्याचे नाव बसलिंग. करडईचे तेल काढण्याचा लाकडी घाणा त्याला आपल्या गुरूंकडून मिळाला होता. गुरूंना सारी पेठ आप्पा म्हणे. आप्पांना मूलबाळ नव्हते. बसलिंग कोवळ्या वयात त्यांच्याकडे पेंडीची पोती उचलायला आला आणि तिथलाच होऊन राहिला. तेलाचा कस वासावरून कसा ओळखावा, बैल कसा जोखावा, गिऱ्हाइकाशी किती बोलावे आणि कुठे थांबावे, हे सारे त्याने त्यांच्या शेजारी बसून आत्मसात केले. पुढे गुडघ्यांनी आप्पांचे ऐकणे सोडले, तेव्हा त्यांनी घाणा त्याच्या स्वाधीन केला आणि स्वतः गावाबाहेरच्या मठात राहायला गेले.

घाणा आता कित्येकांनी पाहिलेला नसेल. झाडाच्या अखंड खोडाला कोरून केलेले भलेथोरले उखळ, त्यात फिरणारी जाड लाकडी लाट, आणि ती लाट ओढत गोल फिरणारा बैल, एवढाच त्याचा संसार. वरून करडई ओतायची आणि खालच्या तोटीतून उतरणारे तेल भांड्यात धरायचे. उखळ चिंचेच्या लाकडाचे असते. चिंच कणखर खरी, पण ओली असताना कोरली तर तडकते. म्हणून खोड आणून सावलीत टाकावे लागते आणि वर्षानुवर्षे मुरू द्यावे लागते. तिथे घाई चालत नाही. आणि उखळही काही अमर नसते, कारण रोज फिरणारी लाट त्याला आतून खात असते. तेव्हा शहाणा घाणेवाला एक उखळ चालू असतानाच पुढच्या उखळाचे खोड परसात टाकून ठेवतो. आप्पांनीही ठेवले होते.

त्या पेठेत एक जुनी रीत होती. संध्याकाळी दुकानाच्या फळ्या लावताना शेजारी शेजाऱ्याला विचारी, "आज काय घातलं?" जुनी माणसे त्याचे उत्तर दोन वेगळ्या शब्दांनी देत. नवा तराजू घेतला, छपरावर पत्रा टाकला, बैल आणला, तर म्हणत, "इतके घातले." हमाली दिली, दिव्यात तेल ओतले, वैरण आणली, तर म्हणत, "इतके लागले." भेद लहान लेकराला कळावा इतका सोपा होता. पण सोप्या गोष्टीच आधी हरवतात. त्यातून आपली भाषाही खट्याळ. ती बैलाला वैरण घालते, चुलीत सरपण घालते, मुलाला शाळेत घालते आणि धंद्यात पैसेही घालते. बसलिंगच्या पिढीपर्यंत येता येता 'लागले' कधी गळून पडले, ते कुणाच्या ध्यानातही आले नाही. राहिले फक्त 'घातले'. ऐकायलाही ते भारदस्त वाटते, नाही का? लागले म्हटले की माणूस केविलवाणा दिसतो आणि घातले म्हटले की शेठ दिसतो.

घाणा सोपवताना आप्पा बसलिंगला परसात घेऊन गेले होते. तिथे चिंचेचे ते खोड आडवे पडले होते, आणि बसलिंगची बायको सुगलाबाई त्यावर फडके पसरून कुरडया वाळत घालीत होती. आप्पांनी खोडावर हात ठेवला.

"बसलिंगा, उखळ रोज थोडं थोडं तेलात जातं. गिऱ्हाइकाला ते दिसत न्हाई, पण तुला दिसलं पाहिजे. तेलाचा भाव लावताना त्याचाही वाटा धरत जा. आणि हे खोड तुझं न्हाई, माझंही न्हाई. हे घाण्याचं आहे."

"होय, आप्पा," बसलिंग म्हणाला आणि त्याने त्यांच्या पायांना हात लावला. उपदेश आणि आशीर्वाद यांतला फरक आपल्याकडे फारसा कुणी करत नाही. दोन्ही मान खाली घालून घ्यायचे आणि दोन्ही तिथेच सोडून यायचे. बसलिंगने तेच केले.

तो आळशी नव्हता, हे आधी सांगितले पाहिजे. उडाणटप्पूही नव्हता. पहाटे उठून बैलाला स्वतः पाणी दाखवी. घाण्यावरचा जुना गडी लिंबाजी याच्याशी कधी वाकडा बोलला नाही. पण त्याच्या डोक्यात एक हिशेब पक्का बसला होता. करडई विकत घेतली ती तेलात गेली, म्हणून तिचे पैसे तेलाच्या भावात धरायचे. बाकी वैरण, लिंबाजीची मजुरी, दोरखंड, दिवाबत्ती हे सगळे आपण धंद्यात घातले. आणि धंद्यात घातलेले कुठे जाते? ते धंद्यातच असते. आज ना उद्या काढता येईल. मग ते गिऱ्हाइकाच्या माथी कशाला मारायचे?

असा हिशेब केल्यावर तेल स्वस्त देता येते यात नवल ते काय. बसलिंगने भाव उतरवला. गिऱ्हाइकांची रीघ लागली. किटल्या घेऊन आलेल्या बायका उन्हात ताटकळत उभ्या राहू लागल्या आणि त्याला दुवा देऊ लागल्या. समोरचा भुसार दुकानदार सांबाप्पा फळ्या लावता लावता रोज विचारी, "आज काय घातलं, बसलिंग?" आणि बसलिंग मोठ्या आवाजात आकडा सांगे. तो आकडा दिवसेंदिवस वाढत होता आणि त्याबरोबर त्याची छातीही फुगत होती. आपण धंदा केवढा वाढवला, असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. या प्रामाणिकपणाचाच राग येतो. लबाड माणसाला निदान आपण काय करतो हे ठाऊक असते.

पेठेच्या दुसऱ्या टोकाला मन्मथ नावाच्या माणसाचा घाणा होता. तो एकदा भर दुपारी आला आणि ओट्यावर टेकला.

"ह्या भावात तुला परवडायलंय कसं?" त्याने विचारले. "मी रातंदिस डोकं खाजवायलोय. मला तर जमंना."

"आपण धंद्यात घालतो, मन्मथराव. हात आखडता घेत नाही."

मन्मथने लाटेकडे पाहिले. मग उठला आणि म्हणाला, "माझ्यापाशी घालाय काही उरलं न्हाई." त्या दिवाळीनंतर त्याचा घाणा बंद पडला. त्याची गिऱ्हाइके बसलिंगकडे आली. बसलिंगला वाईट वाटले, नाही असे नाही. पण गर्दीत वाईट वाटायला सवड मिळत नाही.

आता एक विचित्र गोष्ट घडू लागली. तेल खपत होते, घाणा थांबत नव्हता, आणि गल्ल्यात हात घातला की बोटांना लाकूड लागत होते. आप्पांनी मागे ठेवलेली शिल्लक केव्हाच विरघळली होती. बसलिंग बुचकळ्यात पडे, पण घाबरत नसे. पैसे धंद्यात आहेत, एवढाच त्याचा जप. जणू घाण्याच्या पोटात कुठेतरी रांजण पुरलेला होता आणि वेळ येताच तो उकरून काढायचा होता.

एका वर्षी सुगीच्या आधी करडई महागली. त्यातच कडब्याचा भाव चढला. लिंबाजीची मजुरी थकली होती आणि तो बिचारा तोंडाने मागत नव्हता, एवढेच. नेमका तेव्हा पेठेतला चुनाभट्टीवाला व्यापारी परसात डोकावला.

"हे खोड पडून हाय जणू कैक वर्षं," तो म्हणाला. "कशाला जागा अडवायलाव? चुन्याच्या भट्टीला असलंच पाहिजे. ओढून मी नेतो, गाडीभाडं माझं."

पडून आहे. हा शब्द बसलिंगला पटला. खोड खरोखरच पडून होते. ते करडई खात नव्हते, मजुरी मागत नव्हते आणि दिडकी मिळवूनही देत नव्हते. एवढी ओढाताण चालली असताना परसात एक धट्टाकट्टा ओंडका आरामात लोळत पडावा, हेच त्याला अपराधासारखे वाटू लागले. त्याला आप्पांचा हात आठवला. पण मठ दूर होता आणि व्यापारी समोर होता.

खोड गेले. सुगलाबाईने दारातून विचारले, "आता कुरडया कुठं घालू?" तेवढीच काय ती त्या घरातून झालेली तक्रार. लिंबाजीला मजुरी मिळाली, तो सुखावला. बैलापुढे भरपूर कडबा पडला, तो सुखावला. करडईची पोती आली, गिऱ्हाइके सुखावली. संध्याकाळी सांबाप्पाने विचारले तेव्हा बसलिंगने त्या वर्षातला सर्वांत मोठा आकडा सांगितला. "आज चांगले घातले," तो म्हणाला.

उखळ तडकले ते ऐन हंगामात. आधी तोटीतून तेल कमी येऊ लागले. मग एका सकाळी लिंबाजी धोतराचा ओला सोगा धरून आला. "मालक, बुडातून तेल गळायलंय." बसलिंगने वाकून पाहिले. आतून झिजून झिजून उखळाची भिंत कागदासारखी पातळ झाली होती आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत बोट जाईल अशी भेग पडली होती. खालची माती तेल पिऊन काळी झाली होती.

त्याने भेगेत लाख भरली. लाटेच्या पहिल्या फेऱ्यांतच ती सुटली. त्याने लोखंडी पट्टी आवळली, तर भेग दुसऱ्या बाजूने बोलू लागली. मग उधारीने एक ताजे खोड आणले आणि सुताराला कोरायला बसवले. सुतार म्हणाला, "ओलं हाय, पाप माझ्या माथी नको." बसलिंगने हात जोडले तेव्हा त्याने कोरले. ते नवे उखळ पहिल्याच उन्हात चरचरत फाटले. मुरलेले खोड शोधत बसलिंग आसपासची गावे पालथी घालून आला. ज्यांच्यापाशी होते त्यांनी त्याला चहा पाजला आणि नाही म्हटले. पुढचा घाणा कोण विकतो?

शेवटी त्याला मन्मथ आठवला. मन्मथचा घाणा बंद होता, पण उखळ तर होते. लाज गिळून बसलिंग त्याच्या दारी गेला. मन्मथ अंगणात दुसऱ्याची ज्वारी निवडत बसला होता. आता तो त्यावरच पोट भरत होता.

"उखळ?" मन्मथ म्हणाला. "ते तर भट्टीवाल्यानं नेलं की. घाणा बंद पडला तवाच. घरात खायाला न्हवतं, बसलिंग." त्याच्या बोलण्यात राग असता तर बसलिंगला बरे वाटले असते. राग नव्हता. त्याने सुपातले खडे वेचून बाजूला टाकले आणि विचारले, "तुझं काय झालं? तुझं तर लई चांगलं चाललं होतं."

त्या दिवशी बसलिंग मठात गेला. आप्पा पायरीवर ऊन खात बसले होते. त्याने सगळे सांगितले, फक्त खोडाचे सोडून. सांगून झाल्यावर आप्पांनी काठी मागितली. ते त्याच्याबरोबर निघाले आणि बसलिंगला तेवढ्याचाही आधार वाटला. आप्पा आले म्हणजे काहीतरी निघेल. त्यांच्या ओळखी आहेत, त्यांचा शब्द आहे. बुडणारा माणूस आशेच्या बाबतीत फार उधळा असतो.

आप्पांनी उखळाच्या भेगेवरून अंगठा फिरवला. हे उखळ त्यांच्या वडिलांनी कोरवून घेतले होते. मग ते परसात गेले. खोड जिथे पडलेले असे, तिथे जमिनीवर त्याच्या लांबीचा एक फिकट पट्टा उरला होता. आजूबाजूला गवत होते, त्या पट्ट्यावर नव्हते. आप्पा त्याच्या कडेला उभे राहिले. बसलिंगने मान खाली घातली आणि आता आपल्या कानाखाली बसेल म्हणून वाट पाहिली. थप्पड बसली असती तर पुढचे सोपे झाले असते.

"एक पोतं आण," आप्पा म्हणाले.

बसलिंगने करडईचे रिकामे पोते आणले.

"मी गेल्यापासून ह्या धंद्यात जे जे घातलंस, ते समदं ह्यात भरून आण."

बसलिंगला वाटले, आप्पा ते सारे नेऊन एखाद्या सावकारापुढे ठेवणार आणि त्याच्या तारणावर मुरलेले खोड कुठून तरी मिळवणार. त्याच्या अंगात हुरूप आला. घातलेले काय थोडे होते? सांबाप्पाला रोज सांगितलेले आकडे त्याला तोंडपाठ होते. एवढे सगळे एका पोत्यात मावायचे नाही, म्हणून त्याने दुसरेही पोते काखेत धरले.

तो आधी गोठ्यात गेला. सर्वांत जास्त पैसे वैरणीत घातले होते. गव्हाणीत कडब्याची चार धाटे होती आणि बैलाच्या मागे शेणाचा पो पडला होता. तो मनाशी म्हणाला, हे राहू दे, खोडाच्या पैशांतून घेतलेली करडई बघू. करडईच्या कोठारात उंदरांनी कुरतडलेली रिकामी पोती होती. करडईचे तेल झाले होते, तेलाची गावभर भजी झाली होती. दोरखंड घेतला होता, तो कुजून उकिरड्यावर गेला होता. पणत्यांतले तेल जळाले होते. भिंतीला चुना दिला होता, तो हाताला पांढरा लागला आणि झटकताच गेला. त्या चुन्याच्या भट्टीत काय जळाले होते, ते आठवून त्याने हात धोतराला पुसला.

लिंबाजी घाण्याच्या कडेला बसला होता. एवढ्या वर्षांची त्याची मजुरी, तीही घातलेलीच. बसलिंग पोते घेऊन त्याच्यासमोर उभा राहिला. काय मागावे ते त्याला सुचेना. लिंबाजीला सगळे ऐकू गेले होते. तो ओशाळून उठला.

"मालक, मी तर खाल्लं," तो म्हणाला. "लेकरांनी खाल्लं. माझ्यापाशी कुठलं आलं?"

"बस, लिंबाजी. तुझी चूक नाही," बसलिंग म्हणाला, आणि तेव्हा कुठे त्याला हातातले पोते किती रिकामे आहे ते दिसले.

तो सगळीकडे फिरला. ज्या ठिकाणी एकदा शोधले तिथे पुन्हा गेला. अखेरीस त्याला तेल मोजायचे एक पितळी माप सापडले, ते त्याने विकत घेतले होते. आणि पोळ्याला हौसेने आणलेली बैलाची घुंगरमाळ. दोन्ही त्याने पोत्यात टाकली. दुसरे पोते काखेत तसेच राहिले. परसात येऊन त्याने पोते आप्पांपुढे ठेवले तेव्हा आतून माप आणि माळ एकमेकांवर आपटून वाजली.

आप्पांनी पोत्यात डोकावून पाहिले.

"माप हे घातलेलं," ते म्हणाले. "माळसुद्धा घातलेली. बाकीचं समदं लागलेलं, बसलिंगा. जे घातलं ते उद्या सकाळी जाग्यावर सापडतं. जे लागलं ते सांजंला संपतं. लागण्यात पाप काही न्हाई. बैल उपाशी ठेवून घाणा चालत न्हाई, आणि लिंबाजीचं पोट काही हवेवर भरत न्हाई. ते रोज लागणारच. पण जे रोज लागतं ते रोजच्या तेलातून निघालं पाहिजे. तेवढ्यानं तेल महाग झालं तर महाग विकावं. न खपलं तर समजावं की आपला धंदा होत न्हाई, आणि येळीच उठावं. तू तसं केलं न्हाईस. तू रोजचं लागलेलं पुढच्या घाण्यातून भागवलंस आणि त्याला घातलं म्हणालास. तुझं स्वस्त तेल खाऊन लोकांनी तुला दुवा दिला. करडईचं तेल न्हवतं ते. हे उखळ, ते खोड आणि मन्मथचा घाणा, तिन्ही पिळून काढलेलं तेल होतं ते."

आपण मन्मथला काय म्हणालो होतो ते बसलिंगला आठवले. हात आखडता घेत नाही, असे तो म्हणाला होता. कुणाचा हात?

"आता काय करू, आप्पा?" त्याने विचारले.

"आता काही करता येत न्हाई."

"तुमच्या ओळखीत कुठं…"

"मुरलेलं खोड माझ्या ओळखीत एकच होतं."

वारा पडला होता. सुगलाबाई दाराच्या आड उभी होती. तिने पदर तोंडाला लावला.

"मग मला हे पोतं घेऊन कशाला हिंडवलंत?" बसलिंगचा आवाज चढला, आणि लगेच फाटला. "हे कळून आता काय उपयोग?"

आप्पांनी काठीचे टोक त्या फिकट पट्ट्यावर टेकले. कथांमधल्या गुरूंना अशा वेळी एखादे वाक्य सुचते, ज्याने शिष्याचे डोळे उघडतात आणि पुसलेही जातात. आप्पांना ते सुचले नाही, आणि सुचले असते तरी खोटे ठरले असते.

"उपयोग न्हाई," ते म्हणाले. "मी आता एकटाच हे ओझं घेऊन मठात जाऊ शकत न्हाई, म्हणून तुला हिंडवलं. माझ्या बापाचा घाणा होता हा." ते काठीवर भार देऊन निघाले. बसलिंग हात द्यायला पुढे झाला. त्यांनी हात घेतला, पण त्याच्याकडे पाहिले नाही.

पुढचे सगळे भराभर झाले. पडझडीला कधी वेळ लागत नाही. बैल एका शेतकऱ्याने नेला. जाताना तो सरळ रस्त्यावरही डावीकडे ओढत होता, म्हणून त्या शेतकऱ्याने भाव पाडून मागितला आणि बसलिंगने तो पाडू दिला. बायका किटल्या घेऊन येत, बंद घाणा पाहून परत जात, आणि चार दिवस हळहळून दुसऱ्या गावचे महाग तेल घेऊ लागत. त्यांनाही दोष देता येत नाही. स्वस्त तेलाला मागचा पुढचा इतिहास नसतो.

उखळ न्यायला तोच भट्टीवाला आला. लाट, उखळ, आणि ते फाटलेले नवे उखळ, सगळे त्याने सरपणाच्या भावाने तोलून घेतले. त्याची माणसे उखळ उचलू लागली तेव्हा तेलाने माखलेल्या लाकडावरून त्यांचे हात सटकू लागले. एवढ्या वर्षांचे तेल त्यात मुरलेले होते. चांगले जळणार होते. बसलिंगने आलेले पैसे तिथेच लिंबाजीच्या हातावर ठेवले. हंगामाची त्याची मजुरी राहिली होती.

लिंबाजीने पैसे पाहिले आणि अर्धे परत पुढे केले. "राहू द्या, मालक. पुढं कधी घाणा करताल तवा त्यात घाला."

बसलिंगने त्याची मूठ आपल्या हाताने मिटवली. "घे, लिंबाजी. पुढं काही नाही. आणि हे घालायचे पैसे नव्हेतच."

लिंबाजी पागोट्याच्या शेवाने डोळे टिपत निघून गेला. तो कुठल्या गावी कामाला लागला, की लागलाच नाही, हे पेठेला कधी कळले नाही.

संध्याकाळ झाली. बसलिंग रिकाम्या घाण्याच्या जागी उभा होता. बैलाच्या फेऱ्यांनी जमिनीत पडलेली गोल चाकोरी तेवढी शिल्लक होती, आणि तिच्या मधोमध उखळ उपटल्याचा खड्डा. समोर सांबाप्पा आपल्या दुकानाच्या फळ्या लावत होता. तो वाईट माणूस नव्हता. पण वर्षानुवर्षांची सवय जिभेवरून अशी एकाएकी उतरत नाही. फळी खाचेत बसवता बसवता, मागे न बघता, त्याने नेहमीसारखे विचारले, "आज काय घातलं, बसलिंग?"

विचारल्यावर त्याची त्यालाच लाज वाटली आणि तो फळी धरून तसाच थांबला.

"घातलं काही नाही," बसलिंग म्हणाला. आवाज मोठा नव्हता, पण पेठ सामसूम होती, त्यामुळे ऐकू गेला. "आज घाणा लागला."

सांबाप्पाने मान हलवली. दुःखात माणसाची जीभ घसरते, शब्द इकडचा तिकडे होतो, असे त्याला वाटले. त्याने शेवटची फळी लावली, कडी घातली आणि तो घरी गेला. बसलिंगच्या तोंडून तो शब्द मात्र त्या दिवशी पहिल्यांदाच जागच्या जागी पडला होता.